दिवेलागणीचा भैरव

अहो, कुमुदला तीच सुई द्यायची म्हणताहेत.

तुम्हाला जाऊन अजून महिना झाला नाही. भेटायला येणारी माणसं अजून येताहेत, दारातच पदर डोळ्यांना लावताहेत, आणि मी त्यांच्यासाठी चहा टाकताना मनात एकच गोष्ट घोळवते आहे. शाळेतल्या बायका मागे लागल्यात, "सरांवर तुम्हीच लिहा." लिहायला बसले तर हे असं. तुमचा जन्म कुठला, गुरू कोण, मुलींच्या शाळेत किती वर्षं गाणं शिकवलंत, ते ज्यांना लिहायचं त्यांनी खुशाल लिहावं. मला तुमच्याशी बोलायचं आहे. आता एक बरं झालंय की त्यासाठी ओरडावं लागत नाही. ओरडले की चिडायचात ना? "अगं, बहिरा मी आहे, अख्खं माधवनगर नाही."

मला भीती वाटते आहे. आडपडदा न ठेवता सांगते, कारण बाकी सगळ्यांसमोर मी धीराची बाई होऊन बसले आहे. "वहिनी किती खंबीर," असं बापूभावजी परवाच कुणाला तरी सांगत होते. तेव्हा खंबीर वहिनी स्वयंपाकघरात साखरेचा डबा हातात धरून उभी होती आणि कशासाठी उघडला ते तिला आठवत नव्हतं.

कुमुदचा खोकला तुमच्या दिवसांतच सुरू झाला. रडून रडून घसा बसला असेल असं मी समजले. मग संध्याकाळचा ताप यायला लागला. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला लावला, ती काळी फिल्म खिडकीशी धरली आणि बोटाने एक पांढरट डाग दाखवला. "देखिए बाईसाहब, घबराने की बात नहीं है. अब गोलियाँ भी आ गई हैं. लेकिन शुरू के महीनों में इंजेक्शन देना ही पड़ेगा."

मी विचारलं, "और कान?"

त्यांनी फिल्म खाली ठेवली. तुम्हाला ते ओळखत होते, छातीवरची ती डबी आणि कानात गेलेली वायर त्यांनी पाहिली होती. म्हणाले, "पहले जितना नहीं होता. मात्रा भी कम है अब. पर गारंटी कोई नहीं दे सकता."

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. इथे तर पुन्हा दूधच समोर आहे, तसंच कढत. इंजेक्शन नको म्हणावं तर पोरगी हातची जाईल, हो म्हणावं तर तिचे कान. सतरा वर्षांची आहे हो. तुमचा गळा तिने घेतलाय, माझं फक्त नाक.

तुमच्या वेळी मला विचार करायला सवडच नव्हती. संस्थान विलीन होऊन मध्यभारत झाला, ते दिवस. तुमचा क्षयाचा ताप मेंदूत गेला होता. तुम्ही मला ओळखत नव्हतात, कुमुदला ओळखत नव्हतात, भिंतीकडे तोंड करून कुठल्याशा मुलीला "सम चुकलीस" म्हणून रागावत होतात. मुंबईला नवीन औषध आलंय म्हणून कळलं. बापूभावजी कुणाकुणाच्या हातापाया पडून घेऊन आले. इथल्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी मला एवढंच विचारलं, "हाँ या ना?" मी हो म्हटलं. काय जाईल ते कुणी सांगितलं नाही, त्यांना तरी कुठे धड ठाऊक होतं.

तुम्ही वाचलात. उठून बसलात, भात मागितलात, मी महाकाळाला जाऊन आले. आणि मग ती सकाळ. तुमच्या एका विद्यार्थिनीने तंबोरा जुळवून मांडीवर दिला, तुम्ही तारेवर बोट फिरवलंत आणि माझ्याकडे बघून विचारलंत, "हा उतरवून कुणी ठेवला?" तारा ताणलेल्या होत्या. जवारी अशी लागली होती की तारांच्या गुंजेने खोली भरून गेली होती. तुम्ही पुन्हा बोट फिरवलंत, मग कान खाली नेऊन भोपळ्याला लावलात. त्या वेळी तुमच्या तोंडाकडे बघायची माझी छाती झाली नाही. कुमुदच्या बाबतीत मी सारखी तीच सकाळ बघते आहे, फक्त तंबोरा तिच्या मांडीवर असतो.

तुम्ही मात्र पुढे त्याचीही थट्टा करायला लागलात. "संस्थानात ऐकत होतो, मध्यभारतात बहिरा झालो, आता मध्यप्रदेशात काय होतंय बघू." शाळेवरची पाटी नव्याने रंगवली, तरी खालून जुनी अक्षरं दिसतच होती, तेव्हा म्हणालात, "माझंही असंच आहे गं. वरून चुना मारलाय."

ते चुन्याचं मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

ऐकायचं यंत्र आलं तेव्हा आपल्याला वाटलं, सुटलो. खिशात डबी, कानात बोंड. बोलणं तुम्हाला ओठांच्या मदतीने कळायला लागलं. पण गाणं? तुम्ही म्हणायचात, "आवाज येतो गं, भरपूर येतो. पण गाण्याचं गाठोडं कुणीतरी पत्र्यावरून ओढत नेल्यासारखा." किती येतं आणि किती नाही, हे मला जाणून घ्यायचं होतं. गणिताच्या मास्तरणीशी लग्न केल्यावर दुसरं काय होणार? मापल्याशिवाय मला चैन पडत नाही.

म्हणून मी तुमची परीक्षा सुरू केली. तुम्ही आमच्याकडे पाठ करून बसायचात, माझी बोटं दिसू नयेत म्हणून. कुमुद तबल्यावर ठेका धरायची. झपताल, दादरा, त्रिताल, तुम्ही एकदाही चुकला नाहीत. मात्रा थोडी लांबली तरी मान वळवून तिच्याकडे डोळे वटारायचात. ताल शाबूत होता. मग पेटीवर दोन स्वर, वरचा आधी की खालचा? तिथे तुमचा नुसता अंदाज चालायचा. अगदी लांबचे असले तर जमायचं, जवळचे असले की नाणं उडवून सांगितलं असतं तरी चाललं असतं. सतार वाजतेय की पेटी, ते कळायचं नाही. "दोन्ही डबेच," म्हणायचात. शब्द काढून नुसती चाल वाजवली तर तुमचीच शिकवलेली चीज तुम्हाला ओळखता यायची नाही.

आणि राग? राग तुम्ही बरोबर ओळखत होतात!

मला काय आनंद झाला होता. सा आणि ग यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याला भैरव कळतो, सारंग कळतो, यमन कळतो. मी शाळेत सगळ्यांना सांगत सुटले. म्हटलं, स्वर कानात असतात, राग त्याच्याही आत कुठेतरी असतो, तिथपर्यंत ती सुई पोचलेली नाही. केवढा सिद्धांत मांडला होता मी! सायन्सच्या बाईंनी तर मला कागदावर लिहून काढायला सांगितलं होतं.

घोडचूक होती ती, आणि आपल्याच घरात होऊ शकेल अशी. पहाटे भैरव, दुपारी सारंग, दिवेलागणीला यमन. आपल्या घरात वेळ सोडून राग वाजवायचा म्हणजे पारोशाने देवाला हात लावायचा. तुमचा तो दंडकच होता, आणि तुम्ही आजारी पडल्यावर तर मी आणि कुमुदने तो जास्तच कडक पाळला. शेजारची पंडिताइन आपल्या घरावर घड्याळ लावायची. "यमन हुआ, मतलब दिया लगाओ." मग परीक्षा तरी अवेळी कोण घेणार? सकाळी परीक्षा घेतली तर भैरव, संध्याकाळी घेतली तर यमन. वर्गात रोज पहिल्या तासाला मी एकच गणित घालावं आणि पोरींनी उत्तर बरोबर दिलं म्हणून खूश व्हावं, त्यातलाच प्रकार. हे माझ्या लक्षातही आलं नाही.

बापूभावजींच्या लक्षात येण्याचा प्रश्नच नव्हता, त्यांना राग-रागिणी सगळ्या सारख्याच. भोपाळला बदली होणार म्हणून निरोप घ्यायला आले होते. सकाळचा चहा झाला, समोर पेटी दिसली. लहानपणी तुमच्याकडूनच कसाबसा शिकलेला एकुलता एक तुकडा त्यांनी वाजवला. यमनचा. खिडकीतून कोवळं ऊन येत होतं. तुम्ही पाठ करून बसला होतात. डोळे मिटलेत, मान हलवलीत आणि म्हणालात, "भैरव! वा बापू, काय कोमल रिषभ लागलाय!"

भावजी हसले, त्यांना वाटलं दादा थट्टा करतोय. कुमुदही हसली. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि उठून आत गेली.

त्या दिवसापासून आपलं जे भांडण जुंपलं, ते तुम्ही अर्धवट टाकून गेलात. मी म्हणाले, तुम्ही घड्याळ ऐकता, राग नाही. तुम्ही म्हणालात, "मी भैरवच ऐकला. तुम्ही काय वाजवलंत ते तुमचं." मी म्हणाले, त्याला ऐकणं म्हणत नाहीत, आठवणं म्हणतात. त्यावर तुम्ही शांतपणे विचारलंत, "आणि तू रोज जे ऐकतेस, ते सगळं ऐकतेसच का?" वरण लागलं असेल म्हणून मी आत निघून गेले. वरण लागलं नव्हतं, तुम्हालाही ते माहीत होतं.

हरले म्हणून मी आत गेले नाही. मी घाबरले होते. इतकी वर्षं तुम्ही एकटेच कुठल्या घरात राहात होतात, जिथे सकाळ झाली की आपोआप भैरव वाजायचा? आणि मी त्याच घरात तुमच्या शेजारी बसून पेटी कशाला बडवत होते?

अजून एक गोष्ट आहे. रामघाटावर एकदा संध्याकाळची आरती चालली होती, आठवतं? शिप्रेला पाणी बरं होतं. घंटा, झांजा, शंख, माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येत नव्हतं. तुम्ही पायरीवर बसून पाण्यात पाय सोडले होते. मी ठरवून आले होते की आज विचारायचं: तेव्हा शुद्धीवर असतात, तर इंजेक्शनला हो म्हणाला असतात का? मी तोंड उघडणार, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "घाट किती शांत आहे आज, नाही?" तुम्ही थट्टा करत होतात की खरंच, ते मला आजवर कळलं नाही. मी "हो" म्हटलं. पुन्हा विचारायचं धाडस झालं नाही.

रस्त्यात यंत्र बंद करायची तुमची खोड होती. गोंगाटाने डोकं उठतं म्हणायचात. किती वेळा सांगितलं की घरात बंद ठेवा, रस्त्यात चालू ठेवा. तुम्ही गेलात त्या दिवशी मागून आलेल्या मोटारीने भोंगा वाजवला होता म्हणे, पुष्कळ वाजवला होता. तुमच्या खिशातली डबी मला आणून दिली तेव्हा तिला ओरखडासुद्धा नव्हता, आणि बटण बंद होतं. ज्या सुईने तुम्हाला मला परत दिलं, तिनेच शेवटी नेलं, असं मनात येतं आणि मी ते झटकते. मग कुमुदला रस्ता ओलांडताना बघते. एवढा एक गुण तिने तुमचा घ्यायला नको होता, चालताना स्वतःतच असण्याचा.

तुमच्या पोटात चाळीस वर्षांचा भैरव होता हो. कान गेले तरी तुम्हाला तो पुरला. हिच्यापाशी किती आहे? ख्याल आत्ता कुठे उलगडायला लागला होता. हिची सकाळ रिकामी निघाली तर?

काल इथवर लिहून कागद गादीखाली सरकवले, तर कुमुदने हाक मारली. डॉक्टरांनी तिचं गाणं बंद केलंय, बोलायचंही बेताने सांगितलंय. उशीला टेकून बसली होती.

"आई, तू बाबांना कधी विचारलं होतंस?"

"काय?"

"तेच. जे तू मला सांगत नाहीयेस आणि चार दिवस परेशान होऊन घरभर फिरते आहेस."

मी नाही म्हटलं.

"मी विचारलं होतं," ती म्हणाली. "बापूकाकांनी यमन वाजवला ना, त्याच दिवशी. पाटीवर लिहून विचारलं. म्हटलं, बाबा, सच सच सांगा."

मी तिच्या पायाशी बसले.

"म्हणाले, आईला सांगू नकोस, तिला वाटतं मी मजेत आहे. म्हणाले, सुरुवातीला रोज सकाळी वाटायचं की यापेक्षा गेलो असतो तर बरं झालं असतं. रोज. मग कधीतरी तसं वाटायचं राहून गेलं. कधी ते त्यांनाही सांगता येईना."

एवढंच. मला वाटलं होतं की तुमचं उत्तर कळलं तर मी एक तर कोसळेन, नाहीतर सुटेन. दोन्ही झालं नाही. पण ती रोजची सकाळ तुम्ही माझ्यापासून लपवलीत, माझ्या हातचा चहा घेत, "आज आलं छान लागलंय" म्हणत. याबद्दल मी तुमच्यावर फार रागावले आहे. आणि ते वाटायचं राहून गेलं, याबद्दल कुणाचे आभार मानू ते मला कळत नाही. तुमचेच मानते.

"मला सुई घ्यायची आहे," कुमुद म्हणाली. "मला जगायचंय, आई. पण कान जायला लागले तर ते मला कळायला पाहिजे. बाबांना कळलंच नाही. डॉक्टरसाहेबांना मीच विचारलं. म्हणाले, वेळीच लक्षात आलं तर इंजेक्शन थांबवून गोळ्यांवर निभावून नेता येईल. तू माझी परीक्षा घे, रोज." मग तुमच्यासारखंच एका कोपऱ्यातून हसली. "पण बाबांची घेतलीस तशी बेकार नको."

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं की परीक्षा कशी घ्यायची. चूक कुठे होती ते माझ्याइतकं या जगात कुणाला माहीत आहे? जवळजवळचे स्वर, वरच्या पट्टीतले, कारण डॉक्टर म्हणाले की आधी वरचंच जातं. शब्दांशिवाय चाली. आणि राग वाजवायचे ते अवेळी. घड्याळाचा आधार काढून घ्यायचा.

अहो, मी तुमचा दंडक मोडते आहे. रागावू नका, किंवा रागवा.

आज सकाळी पहिली सुई दिली. मी तिचा दुसरा हात धरून उभी होते आणि कंपाउंडर मलाच म्हणाला, "माताजी, आप बैठ जाइए." एका सुईने काही होत नाही हे मला ठाऊक आहे. तरी दिवसभर मी तिला उगाच हळू आवाजात हाका मारत होते, दुसऱ्या खोलीतून. दर वेळी "काय गं?" आलं की माझा जीव भांड्यात पडायचा आणि पुढच्या हाकेपर्यंत पुन्हा टांगणीला लागायचा. शेवटी ती वैतागून म्हणाली, "आई, सुईने नाही, तुझ्या हाकांनी बहिरी होईन मी."

दिवेलागणीला तिला पाठ करून बसवली, तुम्ही बसायचात तिथेच. पेटी पुढे ओढली. देवापाशी दिवा लागला होता, तुळशीपाशी लागला होता, बोटं सवयीने यमनकडेच जात होती. मी ती ओढून आणली आणि भैरव वाजवला. भरल्या संध्याकाळी, तुमच्या घरात. पलीकडून पंडिताइनीने भिंतीवरून डोकं काढलं. "बाईजी, शाम को भैरव? सब ठीक तो है?" मी तिला हातानेच थांब म्हटलं.

कुमुद गप्प होती. मी पुन्हा वाजवला. तरी गप्प. तिची पाठ दिसत होती, वेणी दिसत होती, तोंड दिसत नव्हतं. त्या तेवढ्या वेळात मी काय काय बघून घेतलं ते तुम्हाला सांगत नाही, तुम्ही ते जगून गेला आहात.

मग ती म्हणाली, "भैरव." आणि माझ्याकडे न वळताच, "बाबा असते तर यमन म्हणाले असते."

"हो," मी म्हटलं. "आणि त्यांना तो ऐकूही आला असता."

भांडण तुम्ही जिंकलात. उद्या सकाळी तिला यमन वाजवून विचारायचं आहे, आणि मला आत्तापासूनच भीती वाटते आहे.